घरचे ऋतू आणि ‘ऋतुचक्र’

निसर्गाचे वर्णन वाचले म्हणजे निसर्ग पाहिला, असा एक गोड गैरसमज आपल्या सुशिक्षित घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. श्रावणाचे नाव निघताच शाळेत पाठ केलेली कविता ओठांवर येते. परंतु त्याच दिवशी सकाळी दारापुढील झाडाची स्थिती काय होती, असे कोणी विचारल्यास आपणांस उत्तर देता येत नाही. वाङ्मयाने डोळे उघडावे अशी आपली अपेक्षा असते. पुष्कळदा मात्र ते डोळ्यांवर एक सुंदर पडदा सोडते, व त्या पडद्यावरील चित्रासच आपण बाहेरचा देखावा समजून चालतो. या दृष्टीने ज्या मराठी ग्रंथाची पुन्हा एकदा परीक्षा करावी असे मला फार दिवस वाटत होते, तो ग्रंथ म्हणजे दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’.

हा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. चैत्रापासून फाल्गुनापर्यंतच्या बारा महिन्यांवर बारा लेख, एवढीच त्याची साधी रचना आहे. त्याच्या वाट्यास स्तुती उदंड आली. काव्यमय गद्य, ललितनिबंधाचा आदर्श, शब्दांची चित्रकला अशी विशेषणे त्याच्या नावास इतकी चिकटून गेली आहेत की, पुस्तक न उघडताही ती उच्चारता येतात. चैत्रावरील लेख पाठ्यपुस्तकांत गेला. विद्यार्थ्यांनी त्यातील उपमा शोधल्या, रंगांची नावे अधोरेखित केली आणि परीक्षा उत्तीर्ण केली. ही स्तुती खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. ती अपुरी आहे, आणि अपुरेपणामुळे ग्रंथास अपकारक झाली आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे. ज्या पुस्तकाने वाचकास उठवून खिडकीशी न्यावयाचे, ते पुस्तक आपण काचेच्या कपाटात मांडून ठेवले.

या ग्रंथाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी आपल्या ऋतुवाङ्मयाची जुनी चौकट थोडी आठवावी लागते. ती चौकट संस्कृत काव्याने घालून दिली. कालिदासाच्या नावावर असलेले ‘ऋतुसंहार’ हे काव्य सहा सर्गांत सहा ऋतू वर्णिते. त्याचा आरंभ ग्रीष्माने आणि शेवट वसंताने होतो. चौकट देखणी खरी, परंतु ती आपल्या अंगणाच्या मापाची नव्हे. शास्त्रकारांनी ज्येष्ठ व आषाढ हे दोन्ही महिने ग्रीष्मात घातले आहेत. कोकणात किंवा मावळात राहणाऱ्या मनुष्यास आषाढ हा उन्हाळ्याचा महिना कधी तरी वाटेल काय? खुद्द कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्षास मेघ दिसतो तो आषाढाच्या आरंभीच; म्हणजे शास्त्राची मांडणी कवीनेदेखील निमूटपणे बाजूस सारली होती. तसेच शरदाचे. आमच्या कवितेतील शरद म्हणजे निव्वळ चांदणे. मुंबईच्या बिऱ्हाडातील शरद म्हणजे पाठीस चिकटलेला सदरा आणि पंख्याखालीही न वाळणारा घाम. ऑक्टोबराची ही काहिली सहा ऋतूंच्या यादीत कोठेच बसत नाही, म्हणून मराठी कवितेने तिची फारशी दखलही घेतलेली नाही. जे यादीत नाही ते अनुभवात असूनही दिसत नाही, हा संकेताचा प्रताप होय.

वास्तविक घराजवळचे ऋतू पाहण्याची परंपरा आपल्या भूमीत काही नवी नाही. हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातील. तिच्यातील पाऊस गोदेच्या काठच्या खेड्यात, शेताच्या बांधावर आणि गळक्या छपरावर पडतो. पुढे विद्वत्तेबरोबर संकेत आला आणि बांध दूर राहिला. अर्वाचीन काळात बालकवींनी १९१८ साली अकाली मृत्यू येईपर्यंत खानदेशच्या ओढ्याओहोळांतून ती जवळीक पुन्हा आणली. त्यांची कविता पाहून लिहिलेली होती. परंतु ती इतकी लोकप्रिय झाली की, तिचाच पुढे संकेत बनला. एका कवीने एका प्रदेशात पाहिलेला श्रावण साऱ्या महाराष्ट्राचा श्रावण ठरला. कवीचा यात दोष नाही. दोष असेल तर तो वाचकांच्या आळसाचा.

‘ऋतुचक्रा’चे वैशिष्ट्य येथे दिसते. लेखिका संस्कृत जाणणाऱ्या व लोकसाहित्याच्या साक्षेपी अभ्यासक होत्या. संकेताची सारी संपत्ती त्यांच्या हाताशी होती. असे असताही त्यांनी हिमालयाकडे किंवा काश्मीरकडे धाव घेतली नाही. पिंपळाची पालवी, करंजाचा मोहर, खोडाशी लगडलेले फणस, कुंपणावरची ती कोणी न लावलेली आणि कोणी न जोपासलेली घाणेरी, असल्या नित्याच्या वस्तूंकडे त्या पाहतात. घाणेरीस मराठी गद्यात मानाचे पान मिळावे ही गोष्ट मला लहान वाटत नाही. नावातच जिचा तिरस्कार आहे, तिच्या फुलांतील रंगसंगती पाहावयास थांबणे, यासाठी काव्यशक्तीपेक्षाही एक प्रकारचा प्रामाणिकपणा लागतो. शास्त्रज्ञाचा पडताळा व रसिकाचा आनंद एकाच डोळ्यात राहू शकतात, हे या लेखांनी प्रथम इतक्या भरघोसपणे दाखवून दिले.

परंतु अशा ग्रंथाची खरी परीक्षा अभ्यासिकेत होत नाही, ती दाराशीच करावी लागते. आणि तशी संधी मला काहीशा अनपेक्षित रीतीने आली. २०२३ च्या आरंभी माझी आई पायाच्या दुखण्याने अंथरुणास खिळली. आम्ही पार्ल्यातील एका जुन्या दुमजली इमारतीत राहत होतो. आवारात एक पांगारा, एक करंज, कुंपणापलीकडे पिंपळ आणि मागल्या बाजूस शेवगा. आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे; बालपण सोलापूरकडच्या एका खेड्यात गेलेले. तिला वेळ जावा म्हणून मी वाचून दाखवू लागलो, आणि २२ मार्चास, गुढीपाडव्याच्या दिवशी, ‘ऋतुचक्रा’तील चैत्र वाचला. प्रत्येक मासारंभी त्या त्या महिन्याचा लेख वाचावयाचा, असे आम्ही ठरविले. लेख संपल्यावर आई काही बोलली नाही. तिने आपली खाट फिरवून खिडकीकडे करून मागितली. या पुस्तकाविषयी आजवर पुष्कळ अभिप्राय मी वाचले आहेत. त्या फिरविलेल्या खाटेइतका मोलाचा अभिप्राय मला दुसरा आठवत नाही.

त्या दिवसापासून पुस्तक व खिडकी यांचा एक मूक वाद सुरू झाला. चैत्राच्या बाबतीत पुस्तकाने बाजी मारली. पिंपळाची तांबूस, लुकलुकणारी पालवी आम्ही वर्षानुवर्षे पाहत असू. ती पाहत आहोत हे मात्र आम्हांस त्या वर्षी प्रथम कळले. वैशाखात कावळ्याचे घरटे करंजात झाले आणि कोकिळेची जोडी त्याच्याभोवती कारस्थाने करीत हिंडू लागली. आषाढ १९ जूनला लागला. आम्ही लेख वाचला. बाहेर झळ होती. मुंबईत मोसमी पाऊस यावयाचा सर्वसाधारण दिवस ११ जून धरतात. त्या वर्षी तो २५ जूनला आला. आषाढाची पहिली सकाळ ढगाची वाट पाहण्यात गेली. आईने एवढेच म्हटले, “महिना लागला म्हणून पाऊस लागत नाही रे. पावसाला मृग, आर्द्रा ठाऊक. त्याला पाडवा-अमावास्या कोणी शिकवली?”

तिच्या या साध्या बोलण्यात एक मार्मिक टीका होती, हे मला मागाहून उमगले. आपले महिने चंद्राचे आणि ऋतू सूर्याचे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे महिने दरवर्षी ऋतूंच्या मागे सरकतात, व साधारणतः दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालून तो मेळ बसवावा लागतो. २०२३ चा पाडवा २२ मार्चला होता, २०२४ चा ९ एप्रिलला. एकाच ‘चैत्र’ नावाखाली वृक्षांच्या अठरा दिवसांच्या प्रगतीचे अंतर पडले. २०२३ च्या पाडव्यास आमचा पिंपळ अर्धा उघडा होता. पुढल्या पाडव्यास तो पालवीने भरून गेला होता. शेतकऱ्याने हा घोटाळा फार पूर्वीच ओळखला आणि पावसाचा हिशेब सूर्याच्या नक्षत्रांवर ठेवला. मृग लागतो तो जूनच्या ७-८ तारखेस, मग पाडवा केव्हाही असो. ‘ऋतुचक्रा’च्या रचनेने चांद्र महिन्यांची संगत धरली. ती आपल्या सणावारांच्या, ओव्यांच्या व स्मृतींच्या दृष्टीने योग्यच होती. परंतु त्यामुळे महिन्यास एक ठाम, न हलणारे व्यक्तिमत्त्व आल्याचा भास उत्पन्न होतो. चैत्रावरील लेखाच्या शीर्षकातच त्यास वसंताचे हृदय म्हटले आहे. शीर्षक सुंदर आहे. पण विशेषण एकदा कोरले गेले की, पुढील वाचक महिन्याऐवजी विशेषणच पाहू लागतो. ज्या संकेताशी लेखिकेने झगडा केला, तोच संकेत मागल्या दाराने त्यांच्या भक्तांच्या घरात शिरतो.

त्या वर्षीची सर्वांत मोठी गंमत पुढेच होती. १८ जुलैस अधिक श्रावण लागला. मी पुस्तक घेऊन बसलो आणि थबकलो. वर्ष तेरा महिन्यांचे आणि लेख बारा. कोणता वाचावा? श्रावणाचा वाचावा तर निज श्रावणास काय उरेल? मी हा पेच आईपुढे मांडला. ती हसून म्हणाली, “धोंड्याच्या महिन्याचं कोणी लिहिलं नाही ना? मग तो आपण सांगायचा.”

आणि खरोखरच तिने तो सांगितला. ती सांगे व मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने टिपून घेई. त्या जुलैत मुंबईस अतोनात पाऊस झाला. टिपणे अशी आहेत: मिठास पाणी सुटले. काड्यापेटी पेटेना. पापड सादळले, डबा उन्हात ठेवावा तर ऊन नाही. शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचा घोस बसला आहे. जिन्याच्या भिंतीवर नेच्याची चार पाने फुटली. कोकिळेच्या पिल्लास कावळी अजून भरवीत आहे. पिल्लू तिच्याएवढे झाले, तरी तिला शंका येत नाही. भाजीवाली टाकळा आणणे थांबली, कंटोळी आली. लेकीच्या घरी अनारसे पाठविले, एक पाऊस लागून मऊ पडले असणार.

ही टिपणे वाङ्मय आहेत असा माझा दावा नाही. परंतु ती लिहिताना आपल्या एकंदर ललित निसर्गलेखनातील एक उणीव मला तीव्रतेने जाणवली. आमचा लेखक ऋतू शोधावयास बाहेर पडतो. तो फुलात, पाखरात आणि आभाळात पाहतो. घरातील स्त्रीस ऋतू मिठाच्या बरणीत भेटतो. वैशाखात गच्चीवर कुरडया-पापड, पहिल्या पावसाबरोबर बाजारात येणारी शेवळे, आषाढातील तळण, हे सारे ऋतूचेच अवतार. कारण हवेतील ओल व ऊन यांच्या सूक्ष्म ज्ञानावाचून यांतील एकही कृती साधत नाही. हे ज्ञान ज्यांच्यापाशी होते त्यांनी ते लिहिले नाही, आणि ज्यांनी लिहिले त्यांस ते हलके वाटले. निसर्ग म्हणजे रमणीयता हे समीकरण सोडल्याशिवाय घराजवळचे ऋतू आपल्या वाङ्मयात पुरतेपणी यावयाचे नाहीत.

या उणिवेस एक तेजस्वी अपवाद आहे. खानदेशातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी अक्षरशत्रू होत्या. १९५१ साली त्यांचे निधन झाले आणि पुढल्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. त्यांच्या गाण्यांतील वर्ष पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी या कामांनी मोजले जाते. वारा ही त्यांच्या दृष्टीने मोहक झुळूक नव्हे. तो आला नाही तर उपणणी अडते. ‘ऋतुचक्रा’त व बहिणाबाईंच्या गाण्यांत चार वर्षांचेच अंतर आहे. एकीकडे पाहणाऱ्या विदुषीचे वर्ष, दुसरीकडे राबणाऱ्या शेतकरणीचे वर्ष. ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचावी असे मी सुचवितो. पहिल्यातील दृष्टी दुसऱ्यास नको होती असे नाही. आणि दुसऱ्यातील घाम पहिल्यात असता, तर ते अधिक मोठे झाले असते असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. तथापि प्रत्येक लेखकाने आपल्या खिडकीतून दिसते तेवढेच सांगावे हा जर न्याय, तर शहरात राहणाऱ्या लेखिकेकडून खळ्याचे वर्णन मागणे अन्यायाचे ठरेल. तिने शहरातही ऋतू येतो हे सिद्ध केले, हेच पुष्कळ आहे. मर्ढेकरांनीही मुंबईच्या बंदरावरील माघातल्या सकाळीवर कविता लिहून तीच गोष्ट आपल्या मार्गाने सिद्ध केली होती. नगर हे ऋतूंचे स्मशान आहे ही आपली तक्रार बहुधा नगरापेक्षा आपल्या सवयींविषयी असते.

निज श्रावण १७ ऑगस्टला लागला. ऊनपावसाचा खेळ पाहावा म्हणून आम्ही सज्ज होऊन बसलो. परंतु तो ऑगस्ट, भारताच्या १९०१ पासूनच्या नोंदींत, सर्वांत कोरडा ठरला. मुंबईत फार तर चार सरी आल्या असतील. आईचे सोलापूरकडचे भाऊबंद दूरध्वनीवर बोलत ते तुरीविषयी व विहिरीच्या तळाविषयी. पाठ असलेली कविता त्या दिवसांत म्हणवेना. मी श्रावणाचा लेख वाचावयास घेतला तेव्हा आईने हात वर करून थांबविले, म्हणाली, “राहू दे. तिकडे माणसं आभाळाकडे बघताहेत.” ऋतूच्या वर्णनावर याहून कठोर व याहून न्याय्य टीका मी ऐकलेली नाही. पुस्तकाचे त्यात काही चुकले नव्हते. पण ऋतू हा केवळ सौंदर्याचा विषय राहू शकत नाही. तो कोणाच्या तरी धान्याचा प्रश्न असतो, हे त्या उचललेल्या हाताने सांगितले.

पुढे सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात गेला. सोलापूरकडे हा पाऊस मोलाचा. रब्बी ज्वारीचे भवितव्य त्यावर असते, आणि मुलींचा हादगा हत्तीचे चित्र मांडून याच नक्षत्रात खेळला जातो. आईने खिडकीतून पाहिले. मुंबईचा पाऊस परतीच्या तयारीत होता. ती ज्या ऋतूची वाट पाहत होती, तो त्या खिडकीत येणारच नव्हता. तेव्हा मला समजले की, ‘घराजवळचा’ हा शब्द सरळ नाही. मनुष्यास दोन घरे असतात. एकात तो राहतो आणि दुसऱ्यात त्याचे ऋतू राहतात. मुंबईत जन्म काढलेल्या हजारो मराठी कुटुंबांनी दाराबाहेरचा ऋतू पाहिला नाही, याचे एक कारण त्यांच्या अरसिकतेत नसून या दुसऱ्या घराच्या ओढीत आहे.

ऋतू किती स्थानिक असतो याचा एक दाखला मुंबईकरांस विसरता यावयाचा नाही. २६ जुलै २००५ रोजी, आषाढाच्या वद्य पक्षात, सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यास सुमारे ७४. एकाच नगरीत, एकाच तिथीस, एकीकडे प्रलय आणि दुसरीकडे नित्याचा पाऊस. ‘मुंबईचा पाऊस’ हा शब्दप्रयोगदेखील त्या दिवशी खोटा ठरला. मग ‘महाराष्ट्राचा श्रावण’ किंवा ‘भारतीय वसंत’ यांची कथा काय? ऋतू जाणून घ्यावयाचा तर तो आपल्या पेठेत, आपल्या आळीत, आपल्या झाडाशीच जाणला पाहिजे. एवढे एक तत्त्व जरी वाचकाने ‘ऋतुचक्रा’पासून घेतले, तरी तो त्या ग्रंथाचा खरा वाचक झाला असे मी समजेन.

आता शेवटची गोष्ट. २०२४ च्या माघ-फाल्गुनात आमचा पांगारा अखेरचा फुलला. निष्पर्ण फांद्यांवर लाल तुरे, त्यांवर साळुंक्यांची व बुलबुलांची भांडणे, दुपारी तांबटाचा टोला. इमारतीच्या पुनर्बांधणीचे ठरले होते, व झाडाच्या बुंध्यावर रंगाने एक क्रमांक घातला गेला होता. रहिवाशांची सभा भरली. सारे सुशिक्षित, सुस्वभावी लोक. जागा किती वाढेल, मोटारी कोठे उभ्या राहतील, यावर विस्ताराने चर्चा झाली. झाडांचा विषय निघाला तेव्हा अध्यक्षांनी विचारले, “ते पुढचे झाड कसले?” चाळीस वर्षे त्याच्या सावलीतून ये-जा केलेल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी म्हणाले, लाल फुलांचे ते. कोणी गुलमोहर म्हटले. मी नाव सांगितले. कार्यवृत्तात ते लिहिले गेले नाही. नाव घेतल्याने झाड वाचले असते असे मी म्हणत नाही. परंतु ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याच्यासाठी हात वर होत नाही, एवढे त्या सभेत स्पष्ट दिसले. वाङ्मयाचा व्यवहाराशी संबंध काय, असे विचारणारांस मी ही सभा दाखवीन. त्या सभागृहातील निदान पाच-सहा जणांच्या घरी ‘ऋतुचक्र’ होते.

म्हणून माझा आग्रह असा की, या ग्रंथाची पूजा पुरे झाली. आता त्याच्याशी भांडावयास हवे. ज्या महिन्याचा लेख त्या महिन्यातच वाचावा. वाचून झाल्यावर बाहेर पाहावे. जुळते तेथे आनंद मानावा. न जुळेल तेथे समासात तसे लिहून ठेवावे. पुण्याच्या वाचकाचा माघ नागपूरच्या वाचकाच्या माघाशी जुळणार नाही, आणि गोव्याच्या वाचकाचा आषाढ तर कोणाशीच नाही. असे शंभर घरांतील शंभर समास भरले, तर ‘ऋतुचक्रा’स शोभेल असे भाष्य आपोआप तयार होईल. लेखिकेने स्वतः कधी कोणाचे ऐकीव मान्य केले नाही. त्यांचे लेखन आपण ऐकीव म्हणून मान्य करणे, हा त्यांचा सन्मान खास नव्हे.

सध्या आम्ही सातव्या मजल्यावर भाड्याने राहतो. येथून झाडाचा बुंधा दिसत नाही. घारी दिसतात, ढगांच्या पाठी दिसतात, दूर खाडीवरून येणारी सर भिंतीसारखी चालत येताना दिसते. आईस आता थोडे हिंडता येते, तरी खाट खिडकीकडेच आहे. पहिल्या दिवशी ती कुरकुरली, की इतक्या उंचावर ऋतू कसला चढतो. आठ दिवसांनी तिने पुस्तक मागून घेतले, चष्मा लावला, आणि शेवटच्या पानावर, धोंड्याच्या महिन्याच्या टिपणांखाली, स्वतःच्या हाताने वाकडीतिकडी एक ओळ लिहिली. येथे पाऊस खालून वर येतो, असे तिने लिहिले आहे. वारा इमारतीस आपटून सर वर उडते, हे मी खात्री करून घेतले. ते खरे आहे.